सुभेदाराच्या पोराची मिशी

“तात्या, मिशी पूर्ण काढायची,” रणधीर म्हणाला, आणि मी हातातला ब्रश परत मगात ठेवला.

“काय म्हणालास?”

“मिशी. पूर्ण.”

“हणमंता बरा हाय न्हवं?”

“बरे आहेत पप्पा. नऊ दिवसांपूर्वी फोन आला होता.”

“मग बाप धडधाकट असताना मिशी काढतोस? अक्कल काय सातारच्या कॉलेजात ठेवून आलास?”

शनिवारची दुपार होती. लाईट गेलेली, पंखा बंद, दुकानात आम्ही दोघंच. माझ्या दुकानाच्या दाराला निळा पडदा होता, आणि दुपारच्या वेळी ऊन त्यातनं गाळून आत यायचं, तेव्हा समोरचा आरसा, मागचा आरसा, सगळं विहिरीच्या तळाशी असल्यासारखं निळं व्हायचं. गिऱ्हाईक नसलं की मी त्या निळ्यात खुर्चीत बसून डुलक्या काढत असे. या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. पडदा बदलला, आरसे बदलले, पण ती दुपार माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही.

आमचं कुसवडी म्हणजे फौजींचं गाव. घरटी एक माणूस पलटणीत. इथं पोराच्या ओठावर लव फुटली की आई दृष्ट काढते, आणि बाप सुट्टीवर आला की आधी पोराची मिशी बघतो, मग मार्क. ती मिशी उतरते एकदाच. बाप गेला की सुतकात, नदीच्या काठावर. उतरवणारा मी. रंगनाथ क्षीरसागर. तीस वर्षांत माझ्या हातनं ज्या ज्या पोराची मिशी गेली, त्याचा बाप आधी गेलेला होता. नोकरीसाठी शहरात गेलेली पोरं तिकडं काय थेरं करतात ते मला माहीत नाही, पण गावात येताना वाढवून येतात. म्हणून मी रणधीरला म्हणालो, “ऊठ. केस बारीक करायचे असतील तर बस, न्हायतर घर गाठ.”

तो उठला नाही. एकोणीस-वीस वर्षांचं पोर, सुभेदार हणमंत शेडग्याचं एकुलतं एक. आणि हणमंता म्हणजे माझा लंगोटीयार. एका पाटीवर अक्षरं गिरवली आम्ही. पोराचं नाव त्यानं रणधीर ठेवलं, आणि देवानं त्याला तोंड दिलं असं की लहानपणी बाजारात बायका ‘पोरगी कुणाची गं ही?’ म्हणायच्या. मोठा झाला तरी तोंड तसंच राहिलं. पोरं ‘बायकी’ म्हणून चिडवायची. मग बापानं सांगितलं, मिशी राख. त्यानं राखली. त्या नाजूक तोंडावर ती मिशी अशी दिसायची, जशी गॅदरिंगला डिंकानं चिकटवलेली.

त्यानं पिशवीतनं एक पुस्तक काढलं. दर रविवारी तो पुण्याला जपानी भाषा शिकायला जायचा हे मला माहीत होतं. गावात त्याचीही चेष्टा व्हायची. म्हणायचे, बाप चीनच्या हद्दीवर आणि ल्योक त्याच्याही पल्याड.

“हे बघा,” तो म्हणाला. “उलटं उघडायचं. शेवटच्या पानापासून.”

चित्रांचं पुस्तक होतं, काळ्या शाईतलं. मी चष्मा लावला. पानापानावर एक पोर. लांब मान, लांब बोटं, पापण्या अशा की गालावर सावली पडावी. केसांची एक बट डोळ्यावर. हातात तलवार आहे, अंगावर पायघोळ झगा आहे, आणि चहूबाजूंनी फुलांच्या पाकळ्या गळतायत. कुठं वाऱ्यात उभा आहे, कुठं नुसता खिडकीतनं बाहेर बघतोय. मी चार-पाच पानं उलटली. खरं सांगतो, नजर हलेना.

“पोरगी हाय का पोरगा?”

“पोरगा. राजपुत्र आहे. एकटा शंभर जणांना भारी.”

“ह्यो?”

“हो. तिकडं याला बिशोनेन म्हणतात, तात्या. म्हणजे सुंदर मुलगा. तिकडं आधीपासून आहे हे. जुन्या गोष्टींत, नाटकांत, आता चित्रांत, गाणी म्हणणाऱ्या पोरांत. बाईसारखा नाही आणि बाप्यासारखाही नाही. मधलाच कुणीतरी. आणि त्याला कुणी हसत नाही. पोरी जीव टाकतात. पोरंसुद्धा त्याच्यासारखं दिसायला बघतात.”

“हॅ. मिशीबिगर कसला मर्द?”

रणधीरनं माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. बासरी घेतलेला कृष्ण होता. “त्याला कुठं आहे मिशी? डोळ्यांत काजळ आहे, गळ्यात हार आहे, कंबर बघा केवढीशी. त्याला कुणी बायकी म्हणतं का?”

“देवाची गोष्ट न्यारी.”

“रामालाही नाही.”

“खंडोबाला हाय!” मी म्हणालो. “जोतिबाला हाय!”

“खंडोबाला दोन बायका सांभाळायच्या होत्या, म्हणून ठेवली असंल.”

मला हसू आलं. हसलो तिथंच फसलो. मग त्यानं सगळं सांगितलं. उद्या रविवारी पुण्यात असल्या पुस्तकांचं वेड असलेली पोरं-पोरी जमणार होती. जो तो आपल्या आवडत्या चित्रासारखा नटून येतो. त्यानं वर्षभर खपून तो झगा शिवून घेतला होता, पुण्यात मैत्रिणीकडं ठेवला होता. संध्याकाळच्या गाडीनं जायचं होतं.

“एक दिवस, तात्या. सोमवारपासून वाढवतो. पप्पा सुट्टीवर येईपर्यंत पहिल्यासारखी होईल. मला एकदा बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“मी,” तो म्हणाला.

आता काय सांगू तुम्हाला. तीस वर्षांत त्या खुर्चीत बसून माणसं म्हणाली, बारीक कर, लवकर कर, पांढरे दिसू देऊ नकोस. सुंदर कर असं मला कुणी म्हणालं नव्हतं. मी ब्रश उचलला.

फेस लावला. वस्तरा पाजळला. वरच्या ओठावर पातं टेकवायच्या आधी मी ते दोनदा पुसलं, कारण हाताला तो ओठ माहीत होता तो फक्त नदीकाठचा, रडून सुजलेला. हा ओठ हसत होता. फेसाबरोबर मिशी उतरत गेली आणि खालनं जे तोंड आलं ते बघून मी थांबलोच. मग मला राहवेना. केस मागनं हलके केले, पुढची बट चित्रातल्यासारखी सोडली. भुवया दोऱ्यानं कोरल्या. बापई माणसाच्या भुवया मी कधी कोरल्या नव्हत्या, बायकोनं पार्लरचा कोर्स केला तेव्हा तिच्याकडनं शिकलेलो. दोऱ्यानं डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं बिचाऱ्याच्या, पण हूं का चूं नाही.

शेवटी ओला टॉवेल फिरवला आणि बाजूला झालो. निळ्या उजेडात दोन्ही आरशांत तो बसला होता, एकामागं एक, किती तरी. पुस्तकातला राजपुत्र काय घेऊन बसलात! तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मीही बघत राहिलो. बाहेर कुठं तरी कोंबडा अवेळी आरवला, तेवढंच.

“जा आता,” मी म्हणालो. “न्हायतर मलाच कुणीतरी जपानला पाठवंल.”

तो गेला. लाजत, खाली मान घालून, तोंडाला रुमाल लावून. मी केर काढला, खुर्चीत बसलो, आणि डोळा लागला.

जाग आली ती गिरणीवाल्या भिकूच्या हाकेनं. पिठानं पांढरा झालेला, दारात उभा.

“तात्या, झोपलायस काय? दुकान बंद कर. सुभेदार गेले.”

“कोण सुभेदार?”

“हणमंता, हणमंता!”

खुर्चीचा हात धरून मी कसाबसा उभा राहिलो. मला पाटी आठवली, विहिरीतल्या उड्या आठवल्या. भरती व्हायला गेला तेव्हा सातारच्या स्टँडवर मी त्याला केळी घेऊन दिली होती. मी रडायलाच लागलो. भिकूही रडायला लागला. दोघं रडतोय. मग मी नाक पुसत विचारलं, “बातमी कुणी आणली?”

“त्यांच्या शेजारच्या तानूकाकीनं बघितलं. पोरगं रडत चाललेलं, डोळं लालभडक, तोंडाला रुमाल, आन रुमाल सरकला तर मिशी काढलेली.”

माझं रडणं तिथल्या तिथं आटलं. देवा रे! त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं की ती मिशी आता माझ्याच केरात पडलीय.

पळत गेलो. शेडग्यांच्या दारात निम्मं गाव. आत बायका. मधोमध हणमंताची बायको, शालनवहिनी, भिंतीला टेकलेल्या, डोळे कोरडे, समोर रणधीर गुडघ्यावर बसून सांगतोय, “आई, पप्पांना काही झालं नाही गं, खरंच नाही.”

“वहिनी!” मी ओरडलो. “ऐका माझं! मिशी मीच काढली!”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पुढच्या क्षणाला बायकांनी हंबरडा फोडला. तानूकाकी म्हणाली, “रंगातात्यानं काढली म्हंजे मग खरंच की गं बाई!”

तिचंही बरोबर होतं. मी कशासाठी मिशी काढतो ते गावाला माहीत होतं. मी जितकं सांगायला जाई तितकं ते पक्कं होत जाई.

मी सांगितलं, पोराला पुण्यात नटून जायचं होतं. रणधीरनं पिशवीतनं ते पुस्तक काढून आईपुढं धरलं. वहिनींनी दोन पानं बघितली आणि ते अंगणात भिरकावलं.

“असल्या चित्रापायी कुणी बाप जित्ता असताना मिशी काढतं व्हय? खोटं बोलायचं तर धड तरी बोल. तुला फोन आलाय. तुझ्या तोंडावर लिवलंय.”

“नाही गं आई.”

“माझ्या जिवाला घोर लागू नये म्हणून दडवतोस तू. तुझ्या बापानंच सांगून ठेवलं असंल तुला. कळतंय मला.”

गावातले म्हातारे कॅप्टन होते, त्यांनी पलटणीच्या ऑफिसला फोन लावला. तिकडनं उत्तर आलं, अशी काही खबर नाही. पण सुभेदारसाहेब वरच्या चौकीवर आहेत, बर्फ फार, तिथनं बोलता येत नाही, खाली येतील तेव्हा फोन करतील. कॅप्टननी हे सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, “माझ्या थोरल्या जावंलाबी आधी असंच सांगितलं हुतं. खबर न्हाई, खबर न्हाई. दोन दिसांनी तिच्या मालकांची पेटी आली.”

कॅप्टननी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

त्या संध्याकाळी पुण्याची गाडी आली आणि गेली. रणधीर आईच्या पायाशी बसून राहिला. वहिनींनी पाण्याचा घोट घेतला नाही. आणि मी बघितलं, कुणीतरी देवळीतला कुंकवाचा करंडा हळूच उचलून आत नेऊन ठेवला. वहिनींनीही ते बघितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, कुंकू आहे का ते चाचपलं, आणि हात तसाच ठेवून बसल्या. मनात यायला लागलं, समजा आजच, ह्याच घटकेला तिकडं हणमंताला खरंच काही झालं तर? माझ्या वस्तऱ्यानं बोलावलं असं होईल. मी असलं मानत नाही. पण त्या दिवशी मानलं. जोतिबाला बोललो, खंडोबाला बोललो, आणि मिशी नसलेल्या देवांनाही सोडलं नाही.

रविवार उजाडला. कुणी घरी गेलं नव्हतं की परत आलं होतं, कुणास ठाऊक, सगळे कालच्याच जागी होते. सगळं झोपेत चालल्यासारखं. बायका कुजबुजत होत्या, चुलीवर चहा उकळत होता, कुणाला भूक नव्हती आणि कुणी उठतही नव्हतं. रणधीर चहा वाटायला उठला. वर कौलांत एक काच बसवलेली होती, तिच्यातनं उन्हाचा पट्टा खाली येत होता आणि त्यात धूर तरंगत होता. तो कपबश्या घेऊन त्या उजेडात आला आणि वाकला. बट डोळ्यावर आली. त्यानं मान हलवून ती बाजूला केली.

बायकांची कुजबूज थांबली. काल त्याच्या तोंडाकडं सगळ्यांनी बघितलं होतं, पण बातमी वाचावी तसं. आज बघतच राहिल्या. एकीनं चहा घ्यायला हात पुढं केला तो तसाच राहिला. तानूकाकी शेजारणीला म्हणाली, “आगं, आसल्या वक्ताला बोलू न्हाई, पर पोरगं काय ग्वाड दिसतंय गं! लक्ष्मीच्या मुखवट्यावानी.” शेजारणीनं तिला कोपर मारलं आणि स्वतः परत बघितलं.

रणधीर माझ्याजवळ कप घेऊन आला. मी त्याला दारामागं ओढलं.

“हे बघ. बापाचा फोन आला की काय सांगायचं ठरलंय का?”

त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

“माझा वस्तरा घसरला म्हणून सांग. एका बाजूनं गेली, मग दुसऱ्या बाजूनं काढावी लागली. तो माझा दोस्त हाय, मला चार शिव्या दील आन इसरंल. त्या पुस्तकाचं, पुण्याचं काढूच नको. फौजी माणूस हाय तो. त्याच्या चौकीवर चार माणसं ऐकत असत्याल. माझं ऐकशील ना?”

त्यानं कप माझ्या हातात दिला आणि चहा वाटायला परत गेला.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. वहिनींनी उचलला नाही. त्यांच्याच्यानं हातच पुढं होईना. कॅप्टननी उचलला, स्पीकरवर टाकला. आधी नुसती खरखर, वारा, आणि मग, “हॅलो, शालन?”

वहिनींच्या तोंडातनं जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता की हसण्याचा नव्हता. “तुमी हाय?”

“मी न्हाई तर कोण? खाली आलो आत्ता. ऑफिसवाले म्हणत्यात गावाकडनं दहा फोन आले. काय झालंय?”

वहिनींना सांगता येईना. तानूकाकीनंच फोनकडं तोंड करून सगळं ओरडून सांगितलं, मिशी, रुमाल, रंगातात्या. तिकडं हणमंता असा हसला की फोन फुटतो की काय. “आरं, माझा जीव काय पोराच्या मिशीत ठेवलाय व्हय? राक्षसाचा पोपटात ठेवत्यात तसा?” सगळं घर हसलं. बायका हसत होत्या, डोळे पुसत होत्या, कुणीतरी करंडा परत देवळीत आणून ठेवला. मी दाराला टेकलो.

“पोरगं कुठाय?” हणमंता म्हणाला. हसणं थांबलं होतं. “द्या त्याच्याकडं.”

कॅप्टननी फोन रणधीरच्या हातात दिला.

“पप्पा.”

“मिशी काढलीस.”

“हो.”

“पुरी?”

“हो, पप्पा.”

“कशापायी?”

रणधीरनं माझ्याकडं बघितलं. मी लांबनं हातानं खुणा केल्या, घसरला, घसरला. त्यानं नजर वळवली.

“मला सुंदर दिसायचं होतं,” तो म्हणाला.

गावात असं वाक्य बापई माणसाच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, आणि तेही बापाला सांगितलेलं. भिकूनं खाली मान घातली. कॅप्टन आपल्या मिशीवरनं हात फिरवत होते, तो मध्येच थांबला. फोनमधनं नुसता वारा येत होता, लांबच्या बर्फावरचा. मला वाटलं, रेंज गेली. बरं झालं, असंही वाटलं.

“मग?” हणमंता म्हणाला. “दिसतोस का?”

कालपासून गावानं काय काय म्हटलं तरी रणधीर रडला नव्हता, आणि आता त्याच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. काही केल्या शब्द फुटेना.

“आरं, इचारतोय मी. दिसतोस का न्हाई?”

शालनवहिनी भिंतीचा आधार घेत उठल्या. त्यांनी पोराच्या हातातनं फोन घेतला, दुसऱ्या हातानं त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं. दोन्ही गाल बघितले, भुवया बघितल्या, मोकळा ओठ बघितला. पदरानं त्याचे डोळे पुसले.

“दिसतोय,” त्या म्हणाल्या. “लई सुंदर दिसतोय ओ. कालपास्नं मी नुसती मिशीच हुडकत बसले हुते, ह्याच्याकडं बघितलंच न्हवतं.”